बनातीची लव

गोंदियाच्या स्टेशनवर छोट्या लाइनची गाडी एका बाजूला उभी असायची. हावड्याच्या आणि मुंबईच्या गाड्या धडधडत येत, थोडा वेळ थांबत आणि निघून जात. ही मात्र निवांत. अडीच फुटी रुळांवरून, सातपुड्याच्या जंगलातून, बालाघाट, नैनपूर करत ती जबलपूरला पोचायची. बंगाल नागपूर रेल्वेनं १९०३ ते १९०५ च्या दरम्यान ही लाइन सुरू केली. आता ती गाडी राहिली नाही, मोठी लाइन झाली. पण माझ्या पिढीच्या गोंदियाकराला जबलपूर म्हटलं की अजून त्या गाडीचीच शिट्टी ऐकू येते. मी आज ज्या गोष्टीबद्दल बोलणार आहे, तिची सुरुवात त्या लाइनच्या दुसऱ्या टोकाला झाली, आणि तीही लाइन टाकली जाण्याच्या जवळजवळ तीस वर्षं आधी.

१८७५ चा पावसाळा. जबलपूरच्या छावणीत डेव्हनशायर रेजिमेंटचे अधिकारी मेसमध्ये अडकून पडलेले. बाहेर पाऊस, आत बिलियर्ड्सचं टेबल. त्यांच्यात नेव्हिल चेंबरलेन नावाचा एक तरुण अधिकारी होता. पुढं ब्रिटनचा पंतप्रधान झालेला चेंबरलेन तो हा नव्हे. नाव तेवढं एक. ही मंडळी बिलियर्ड्सच्या टेबलावर पूल खेळत. आपल्या मराठीत पूल म्हणजे वैनगंगेवरचा. हा पूल वेगळा. सगळ्यांनी थोडेथोडे पैसे एकत्र टाकायचे, प्रत्येकानं आपल्या रंगाचा बॉल घ्यायचा, प्रत्येकाला तीन ‘जीव’. आपला बॉल कुणी पॉकेटमध्ये घातला की एक जीव गेला. शेवटी जो उरेल त्याची ती गंगाजळी. तिलाच पूल म्हणत. या खेळात आणि पंधरा लाल बॉलच्या ‘पिरॅमिड्स’ या खेळात चेंबरलेननं आणखी रंगीत बॉल मिसळले. एका भिडूचा सोपा नेम चुकला तेव्हा तो त्याला ‘स्नूकर’ म्हणाला. लष्करी अकादमीतल्या नवशिक्या पोरांना हिणवायचा तो शब्द होता. तोच खेळाला चिकटला. १८८२ मध्ये उटीच्या क्लबात या खेळाचे नियम लिहून भिंतीवर लावले गेले. १८८५ मध्ये इंग्लंडचा नामवंत बिलियर्ड्सपटू जॉन रॉबर्ट्स हिंदुस्थानात आला होता. कलकत्त्याला कूचबिहारच्या महाराजांकडच्या मेजवानीत त्याची आणि चेंबरलेनची गाठ पडली आणि खेळ विलायतेला गेला.

ही कथा आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. टीव्हीवर स्नूकर लागलं की समालोचक ती सांगतात. पण त्या कथेतल्या एका शब्दावर कुणी थांबत नाही. तो शब्द म्हणजे पावसाळा. जबलपूरचा पावसाळा आणि आमच्या गोंदियाचा पावसाळा यांत फारसा फरक नाही. भिंतींना ओल, काडेपेटी ओढली तर पेटत नाही, मीठ पाणी सोडतं. त्या हवेत त्या टेबलावरचं हिरवं कापड कोरडं राहिलं असेल काय? मला नाही वाटत. माझ्या मते स्नूकर हा खेळ ओल्या कापडावर जन्मला. आणि कापड ओलं असलं की खेळ कसा बदलतो, हे मला पुस्तकातून कळलेलं नाही. ते मला माझ्या मामूंनी शिकवलं.

मामू म्हणजे माझ्या आईचे थोरले भाऊ. छोट्या लाइननं गेल्यावर लागणाऱ्या एका गावात, साहेब लोकांच्या क्लबात ते मार्कर होते. मार्कर म्हणजे गुण मोजणारा, असं पुस्तकात लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मार्कर म्हणजे टेबलाची आई. सकाळी टेबल झाडायचं, इस्त्री करायचं, बॉल पुसायचे, क्यूची टोकं घासून नीट करायची, संध्याकाळी साहेब आले की कोपऱ्यात उभं राहून गुण मोजायचे, आणि कुणी नवशिका असेल तर त्याच्याशी असं खेळायचं की तो जिंकला पाहिजे आणि त्याला ते कळताही कामा नये. रात्री दिवा मालवून टेबलावर पांघरूण घालायचं. हिंदुस्थानात जिथं जिथं बिलियर्ड्सचं टेबल होतं तिथं तिथं असा एक माणूस होता. क्लबाच्या भिंतीवरच्या सोनेरी अक्षरांच्या पाट्यांवर विजेत्यांची नावं असतात. त्या पाट्या पुसणाऱ्याचं नाव त्यांवर नसतं.

मामू त्या कापडाला बनात म्हणत. जुन्या लोकांना हा शब्द ठाऊक असेल. बनात म्हणजे लोकरीचं दाट विणीचं कापड. ते विणून झाल्यावर पाण्यात घालून, कुटून, आटवून घट्ट करतात. मग वरचे तंतू उभे करून कातरतात. त्यामुळं त्यावर एक बारीक लव येते. मखमलीवरून हात फिरवा. एका बाजूनं गुळगुळीत लागते, उलट बाजूनं खरखरीत. मखमल शिवणारा दर्जी म्हणूनच सगळे तुकडे एकाच दिशेनं बेततो, नाहीतर शेरवानीचा एक हात उजळ दिसतो आणि दुसरा काळपट. बिलियर्ड्सच्या टेबलावर ही लव नेहमी एकाच दिशेनं लावतात. ज्या टोकाकडून खेळ सुरू होतो, त्या बॉक लाइनकडून समोरच्या टोकाकडं, काळ्या बॉलच्या ठिपक्याकडं. झाडायचं त्याच दिशेनं, इस्त्री फिरवायची त्याच दिशेनं. कधीच उलट नाही.

ही बनात यायची कुठून? इंग्लंडमध्ये ग्लॉस्टरशायर परगण्यात स्ट्राउड नावाचं गाव आहे. त्या खोऱ्यातल्या ओढ्यांच्या पाण्यावर शेकडो वर्षं लोकरीच्या गिरण्या चालल्या. तिथली लाल बनात जगभर प्रसिद्ध होती, कारण इंग्रज शिपायांचे लाल डगले तिचे असत. आणि तिथलीच हिरवी बनात बिलियर्ड्सच्या टेबलांवर ताणली जाई. अंगावर लाल आणि टेबलावर हिरवी, दोन्ही एकाच खोऱ्यातल्या मेंढपाळी संसारातून निघालेली. हिरवी का, तर हा खेळ मुळात युरोपात हिरवळीवर खेळला जायचा. तो घरात आला तेव्हा गवताचा रंग सोबत घेऊन आला. टेबल मात्र इथंही बनू लागली होती. कलकत्त्याच्या सी. लाझरस कंपनीची टेबलं त्या काळी नावाजलेली होती. बारा फूट लांब, सहा फूट रुंद, लाकडी चौकटीवर दगडी पाटीच्या जाड फरशा. अख्ख्या टेबलाचं वजन एक टनाच्या वर. एवढा बोजा कशासाठी, तर पृष्ठभाग तसूभरही हलू नये म्हणून. आणि त्या सगळ्या भक्कम व्यवस्थेच्या वर, शेवटी, बॉल ज्यावर धावतो ती एक नाजूक लोकरीची लव. दगड आपल्या जागी राहतो, लव राहत नाही.

लव काय करते? जोरात मारलेल्या बॉलला तिचं फारसं काही वाटत नाही. हळू चाललेल्या बॉलला मात्र ती हलकेच आपल्या दिशेनं ओढते. टेबलाच्या आडव्या दिशेनं हळू बॉल सोडला तर तो किंचित काळ्या ठिपक्याच्या टोकाकडं सरकतो. वरच्या टोकाकडून मधल्या पॉकेटकडं हळूच बॉल मारायचा असेल, म्हणजे लवेच्या उलट, तर नेम पॉकेटच्या अलीकडच्या ओठावर नव्हे, पलीकडच्या ओठावर धरायचा. लव त्याला आपोआप मागं ओढून पॉकेटात आणते. आणि बॉलला बाजूची फिरकी दिली असेल तर आणखी गंमत. लवेच्या दिशेनं जाताना उजवी फिरकी बॉलला उजवीकडं नेते, पण तोच बॉल हळू वेगानं लवेच्या उलट गेला तर तीच फिरकी त्याला डावीकडं नेते. ज्यानं फक्त नव्या, लव नसलेल्या कापडावर खेळ पाहिला आहे त्याला हे खरं वाटत नाही. जुन्या खेळाडूंच्या मात्र हे हाडीमाशी खिळलेलं असे.

आता यात पावसाळा मिसळा. लोकर आपल्या वजनाच्या जवळजवळ तिसऱ्या हिश्शाइतकी हवेतली ओल पिऊन घेते, आणि तरीही हाताला ओली लागत नाही. कापड जड होतं, तंतू फुगतात, ताण सैल पडतो. बॉलला घर्षण वाढतं. जिथं एरवी हलक्या हातानं बॉल टेबलभर फिरायचा तिथं खांद्याचा जोर लावावा लागतो. जोर लावला की नेम जातो. बॉलचा गठ्ठा फोडला तरी बॉल पांगत नाहीत, जवळच दबकून बसतात. मग लांब डाव रचणारा खेळाडू अडचणीत येतो आणि सावध, चिवट, दुसऱ्याला अडकवणारा खेळाडू पुढं जातो. जबलपूरच्या त्या अधिकाऱ्यांच्या खेळात समोरच्याला अडकवून ठेवण्याला एवढं महत्त्व का आलं, याचं एक कारण ओल असू शकेल, असं मला कधीकधी वाटतं. हे माझं अनुमान. त्याला कागद नाही.

आमच्या गोंदियात भातगिरणीवाला धान घेताना दाणा दातांखाली धरतो. कट् असा आवाज आला तर वाळलेला, दबला तर ओला. यंत्रं आली तरी अजून कित्येकांचा हात आधी तोंडाकडं जातो. मामूंचा हात तसा बनातीकडं जायचा. सकाळी दार उघडलं की ते आधी तळवा सपाट ठेवून कापडावर टेकवत, डोळे मिटून. मग म्हणत, “आज दोन वेळा फिरवावी लागेल.” म्हणजे इस्त्री. टेबलाची इस्त्री वेगळी असते, जड, सपाट, टोक नसलेली. मामूंची कोळशाची होती. आधी ती वर्तमानपत्रावर ठेवून बघायची. कागद पिवळा पडला तर थांबायचं. मग बॉक लाइनकडून निघायचं ते समोरच्या टोकापर्यंत एका दमात, मध्ये न थांबता. थांबलं की डाग. पावसाळ्यात ते खोलीच्या कोपऱ्यात शेगडी पेटवून ठेवत. आज मोठ्या स्पर्धांच्या टेबलांना दगडाखालून विजेची ऊब देतात. मामूंची शेगडी तेच काम करायची, जरा धुरकटपणे.

कापड जुनं झालं की त्याची वेगळी तऱ्हा. ज्या ठिपक्यांवर रोज तेच बॉल ठेवले जातात तिथं बारीक खळगे पडतात. बॉक लाइनवरून रोज त्याच जागेवरून फटके मारले की कापडावर रुळांसारख्या रेघा उमटतात, आणि हळू बॉल त्या रेघेत शिरला की आगगाडीसारखा तिच्यातूनच जातो. क्यूच्या टोकाचा खडू लवेत जाऊन बसतो. कुशनजवळ लव झिजते. म्हणून प्रत्येक जुनं टेबल म्हणजे एक स्वतंत्र मुलूख असे आणि त्याच क्लबाचा खेळाडू तिथला जाणकार. बाहेरचा खेळाडू कितीही मोठा असो, पहिला तासभर तो रस्ता विचारत असायचा. जुन्या स्पर्धांचे निकाल वाचताना हे विसरता येत नाही. त्यातून आपल्याकडं १९९१ पूर्वी परदेशी माल मागवणं म्हणजे परवान्यांचा खेळ. टेबलाचं कापड ही कुणाच्या लेखी गरजेची वस्तू नव्हती. एकच बनात वर्षानुवर्षं चाले. फाटली तर मागून ठिगळ. लहान गावांतल्या क्लबांत तर कापडाचा मूळ हिरवा रंग कोणता होता हे कुशनखाली डोकावूनच कळायचं.

अशा देशातून जगज्जेते निघाले, ही मला अजून नवलाची गोष्ट वाटते. पुण्यात १९२२ साली जन्मलेले विल्सन जोन्स हे कुठल्याही वैयक्तिक खेळात जगज्जेता झालेले पहिले भारतीय. १९५८ साली कलकत्त्याच्या ग्रेट ईस्टर्न हॉटेलात त्यांनी जागतिक हौशी बिलियर्ड्स स्पर्धा जिंकली आणि १९६४ मध्ये न्यूझीलंडला जाऊन पुन्हा जिंकली. राष्ट्रीय बिलियर्ड्सचं विजेतेपद त्यांनी बारा वेळा मिळवलं. २००३ साली ते गेले. ही यादी कुठंही मिळेल. मला तिच्यात जे दिसतं ते असं : हा माणूस समुद्राकाठच्या मुंबईच्या खारट, दमट हवेत सराव करायचा, गंगेच्या मुखाजवळच्या कलकत्त्यात जिंकायचा आणि मग पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, थंड हवेतल्या अनोळखी कापडावरही जिंकायचा. एका टेबलाचा जाणकार होणं वेगळं. तळव्याच्या एका स्पर्शात परकं टेबल ओळखणं वेगळं. त्यांच्यानंतर मुंबईचेच मायकेल फरेरा. १९७७, १९८१ आणि १९८३ अशी तीन जागतिक हौशी विजेतेपदं, आणि १९७८ मध्ये ११४९ गुणांचा एकच ब्रेक. हौशी खेळाडूनं एका ब्रेकमध्ये हजाराचा आकडा ओलांडण्याची ती पहिलीच वेळ. हजार गुणांचा ब्रेक म्हणजे तासचे तास चुकायचं नाही, आणि तेवढ्या वेळात खोलीतली हवाही बदलते, हे लक्षात घ्या. १९७३ मध्ये मुंबईला जागतिक बिलियर्ड्स स्पर्धा झाली तेव्हा श्रीलंकेच्या मोहम्मद लफीर यांनी आपल्या सतीश मोहन यांना अंतिम सामन्यात हरवलं. कोलंबोच्या माणसाला मुंबईच्या हवेची ओळख करून द्यावी लागली नसेल.

मग कापड बदललं. विसाव्या शतकाच्या शेवटच्या दोन दशकांत स्पर्धांची बनात पातळ झाली, लव आखूड झाली. टीव्हीचे प्रखर दिवे टेबलावर आले आणि त्यांनी खोली भट्टीसारखी कोरडी केली. बॉलही हलके, एकसारखे झाले. टेबल पळू लागलं. स्नूकरमध्ये एका डावात साधारणपणे जास्तीत जास्त १४७ गुण होतात. जो डेव्हिस यांनी ते १९५५ साली लंडनमध्ये केले तेव्हा मोठी बातमी झाली. स्पर्धेतला पहिला अधिकृत १४७ स्टीव्ह डेव्हिस यांचा, १९८२ सालचा. मधली सत्तावीस वर्षं बघा. आणि आता व्यावसायिक स्पर्धांतल्या १४७ ची संख्या दोनशेच्या वर गेली आहे. २०२२ च्या एकाच जागतिक स्पर्धेत शंभरावरचे १०९ ब्रेक झाले. हे सगळं कापडामुळं झालं असं मी म्हणणार नाही. आजची मुलं सात वर्षांची असल्यापासून दिवसाला आठ तास खेळतात, खेळाडू वाढले, स्पर्धा वाढल्या. पण जो डेव्हिसला आजचं टेबल आणि आजच्या पोराला मामूंचं ऑगस्टमधलं टेबल देऊन बघा, मग आकड्यांची तुलना करू.

अमेरिकेतल्या पूलमध्ये हा बदल आणखी स्पष्ट दिसतो. तिथंही पूर्वी लवेची, मंद बनात असे. पूलच्या जुन्या स्पर्धांत बॉलचा गठ्ठा फोडायला अंगातली ताकद लागायची. उलट पांढरा बॉल हवा तिथं थांबवणं सोपं, कारण कापडच त्याला धरून ठेवायचं. म्हणून जुने खेळाडू छोट्या, आखूड हालचालींत डाव रचत. विली मॉस्कोनीनं १९५४ मध्ये ओहायो राज्यातल्या स्प्रिंगफील्डला एकदाही न चुकता ५२६ बॉल पॉकेटमध्ये घातले. तो विक्रम पासष्ट वर्षं टिकला. २०१९ मध्ये जॉन श्मिटनं ६२६ केले, २०२२ मध्ये जेसन शॉनं ७१४. तोवर कापड पार बदललेलं होतं. बेल्जियमच्या व्हर्व्हिये गावची सिमोनिस ही १६८० पासूनची कंपनी. तिचं विंचरलेल्या लोकरीच्या सुताचं, लव नसलेलं गुळगुळीत कापड पूलच्या स्पर्धांत सर्वत्र आलं. तरी नव्या विक्रमवीरांचा खेळ सोपा होता असं कुणी समजू नये. मॉस्कोनीचं टेबल आठ फुटी, यांचं नऊ फुटी. आणि पळणाऱ्या कापडावर बॉल थांबवणं ही वेगळीच परीक्षा. पण या आकड्यांशेजारी आणखी एक रकाना असायला हवा होता, कापडाचा. तो कुणी ठेवला नाही. क्रिकेटमध्ये खेळपट्टी कोरडी होती की ओली, हे आपण पन्नास वर्षांनंतरही सांगतो. बिलियर्ड्सच्या बाबतीत ते ज्यांना ठाऊक होतं त्यांना कुणी विचारलं नाही.

आता माझी गोष्ट सांगतो. आजवर ती मी कवितेतही आणलेली नाही.

१९८२ चा ऑगस्ट. मी बारा वर्षांचा. मामूंकडं राहायला गेलो होतो. क्लबात दरवर्षी पंधरा ऑगस्टला स्पर्धा व्हायची. पूलच म्हणत तिला, जुन्या पद्धतीनं, जरी खेळ स्नूकरचा असे. बाहेरगावचे साहेब यायचे, जेवणं व्हायची. आठवडाभर झड लागलेली. मामू पहाटे चारला उठून दोनदा इस्त्री फिरवून घरी नमाजासाठी आले आणि मला म्हणाले, “बेटा, तू जाऊन फक्त दार धरून बस. कुणाला हात लावू देऊ नकोस.”

मी गेलो. टेबलावर मला शेगडीच्या राखेचे दोन कण दिसले. आता पाहुणे येणार, मामूंना बोलणी बसणार, असं मला वाटलं. मी ब्रश घेतला आणि टेबल झाडून काढलं. कसं? अंगण झाडतात तसं. इकडून तिकडं, तिकडून इकडं. एका मधल्या पॉकेटच्या आसपास तर चांगलं घासून. मला अभिमान वाटला. टेबल आधीपेक्षा हिरवं दिसत होतं, कारण अर्धी लव उलटी उभी राहिली होती.

अंतिम सामन्यात क्लबाचे एक मोठे साहेब होते. शेवटचा काळा बॉल, मधल्या पॉकेटात, वरच्या टोकाकडून, हळू. लवेच्या उलट. त्यांनी नेम पलीकडच्या ओठावर धरला. बरोबर धरला, मला आज कळतं. बॉल निघाला, आणि लवेनं त्याला ओढलंच नाही. ओठावर आदळून तो बाहेर आला. पाहुण्यानं तो घातला आणि सामना जिंकला. खोलीत कुणी काही बोललं नाही. साहेब वाकले, पॉकेटजवळ त्यांनी हात फिरवला, मग दुसऱ्या बाजूनं फिरवला. मामूंकडं पाहिलं.

“आज टेबल कोणी झाडलं?”

मी दाराशी उभा होतो. मामूंनी माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

“मीच, साहेब. हात चुकला.”

तीस वर्षं ज्या माणसाचा हात चुकला नव्हता त्याचा एक महिन्याचा पगार कापला गेला. दिवाळीनंतर त्यांना टेबलावरून काढून बागेच्या कामाला लावलं. नवा मार्कर आला. घरी येताना वाटेत मी रडलो तेव्हा मामू एवढंच म्हणाले की ऑगस्टमध्ये स्पर्धा ठेवूच नये, बनातीलाही सर्दी होते. तो बॉल माझ्या ब्रशमुळंच चुकला की आठवड्याच्या ओलीमुळं, की साहेबांचाच हात कापला, हे आता ठरवता येणार नाही. मामूंनी ते ठरवायचा प्रयत्नही केला नाही. बागेत त्यांचे गुलाब चांगले आले, असं आई सांगायची.

पुढं मी शिकलो, बीए झालो, कविता लिहायला लागलो. सुट्टीत मामूंकडं गेलो की त्यांना वर्तमानपत्र वाचून दाखवायचं काम माझं. त्यांना वाचता येत असे, पण चष्मा नको असे. १९८९ च्या फेब्रुवारीत बातमी आली : आंध्रातल्या गुंटूरला राष्ट्रीय स्नूकर स्पर्धेत गीत सेठी यांनी १४७ गुणांचा डाव पूर्ण केला. मान्यताप्राप्त स्पर्धेत असा डाव करणारा जगातला पहिला हौशी खेळाडू. मी मोठ्यानं वाचलं. मामू खाटेवर बसले होते, हातात सुपारी. त्यांनी पुन्हा वाचायला लावलं. मग म्हणाले, “छत्तीस बॉल, एकही न चुकता. वाहवा.” थोडा वेळ गेला.

“बघ बरं, टेबल कुणी लावलं होतं ते लिहिलंय का?”

मी बातमी वरपासून खालपर्यंत पाहिली. मग पान उलटून मागचीही बाजू पाहिली.